अल्पदाब वेधन आणि थरातील पाणी

तेल किंवा वायूची विहीर खोदताना भोकातील दाब खडकातील दाबापेक्षा मुद्दाम कमी ठेवतात, त्याला अल्पदाब वेधन म्हणतात. त्यासाठी एरवी भोकात खेळवतात त्या जड चिखलाऐवजी हवा, नायट्रोजन, फेस किंवा हवा मिसळलेला चिखल वापरतात. बिट, म्हणजे खडक फोडणारे टोक, भराभर उतरते, तेलाच्या थराची छिद्रेही बुजत नाहीत. मात्र वाटेत पाण्याचा थर लागला की त्याला थोपवणारा दाब नसतो आणि ते पाणी भोकात येते.

कोल्हापूरचा बराचसा भाग दक्खनच्या काळ्या पाषाणाचा. इथे तेलविहिरी नाहीत, पण हवेने भोक पाडणारी बोअरची गाडी करवीर, कागल, हातकणंगल्यात सर्वांच्या पाहण्यातली आहे. कॉम्प्रेसरची हवा रॉडमधून खालच्या हातोड्याला ठोके द्यायला लावते आणि खडकाचा चुरा वर फेकते. करडी धूळ उडत असते. दोन पाषाणांमधला तांबडा थर लागला की ती लाल होते. मग एकाएकी धूळ बसते. ओल लागली म्हणून शेतकरी हरखतो, पण गाडीवाल्याच्या दृष्टीने खरी जोखीम इथूनच सुरू होते. थोड्याशा ओलीने भुकटीचा गारा होतो, रॉडभोवती कड्यासारखा बसतो आणि हवेची वाट अडते. वेळीच वरून पाणी आणि फेस सोडला नाही, तर रॉड अडकतात.

तेलविहिरीतही उपाय हाच, फक्त मोजूनमापून. ओल थोडी असेल तर हवेत साबणाचे पाणी फवारतात; त्याला कोरड्या हवेपेक्षा सुमारे तिसऱ्या हिश्शाने जास्त हवा लागते. पाणी वाढले की घट्ट फेस, त्याहून वाढले की हवामिश्रित चिखल. तरीही आटोक्यात आले नाही, तर तो थर सिमेंटने किंवा केसिंगने (भोकात बसवायच्या पोलादी नळीने) बंद करतात. गाऱ्याचे कडे तेलविहिरीत फार घातक असते. त्याखाली हवा कोंडून दाब आणि उष्णता वाढते आणि नैसर्गिक वायू असेल तर भोकातच आग लागू शकते. हवेऐवजी नायट्रोजन वापरण्याचे हे मोठे कारण.

पाण्याचे वजनही विसरून चालत नाही. 10 मीटर पाणी म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलो दाब. भोकात 100 मीटर पाणी साचले, तर 20 किलो दाबाच्या कॉम्प्रेसरचा निम्मा जोर तेवढ्यातच जातो. रॉड जोडायला हवा थांबवली की पाणी चढते. पुन्हा हवा सोडताच पहिला लोंढा उसळून भोवतालच्यांना भिजवतो. अशा वेळी तेलविहिरीतला दाब एकदम हेलकावतो, म्हणून रॉड जोडण्याचे काम झटपट उरकतात.

वर आलेले मिश्रण विभाजकात नेऊन वायू, तेल, पाणी आणि चुरा वेगळे करतात. खोल थरातले पाणी बहुधा खारट असते. हवेतल्या ऑक्सिजनबरोबर ते पोलादी रॉड झपाट्याने गंजवते, म्हणून खाली सोडायच्या द्रवात गंजरोधक रसायने घालतात. हे खारे पाणी शेतात किंवा ओढ्यात कधीही सोडू नये. क्षार जमिनीचे काय करतात, हे शिरोळ तालुक्यातली क्षारपड शिवारे पाहिलेल्याला सांगावे लागत नाही. टाक्यांत साठवून, प्रक्रिया करून ते बहुधा वेगळ्या विहिरीतून खोल थरातच परत सोडतात.