दिवे विझले, पण ताजचं काय?

३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी भारताच्या हवाई तळांवर हल्ले सुरू केले. त्यात आग्र्याचाही तळ होता आणि तिथून ताजमहाल काही किलोमीटरवर. दिवे बंद करता येतात, पण मार्गशीर्षातली पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. चांदण्यात चमकणारा संगमरवर विझवणार कसा? म्हणून त्या युद्धात ताजवर हिरवं कापड चढवलं गेलं, आवारात झाडांच्या फांद्या पसरल्या. खुद्द ताजवर बॉम्ब पडण्याची धास्ती होतीच. पण त्या काळी वैमानिक डोळ्यांनी वाट शोधत. यमुनेचं वळण आणि शेजारी पांढरा घुमट, एवढी खूण त्याला तळ गाठायला पुरली असती.

विमानांपासून लपण्याची ही युक्ती जुनीच. पहिल्या महायुद्धात जर्मनांची झेपेलिन, म्हणजे प्रचंड हवाई जहाजं, लंडनवर येतील या धास्तीने तिथले दिवे मंद झाले. १ सप्टेंबर १९३९ पासून, म्हणजे युद्ध पुकारण्याच्या दोन दिवस आधीच, ब्रिटनने देशभर ब्लॅकआउट, म्हणजे रात्री सक्तीचा काळोख, लावला. बॉम्ब पडायला अजून अवकाश होता. रस्त्यावरच्या अपघाती मृत्यूंची संख्या मात्र त्याच महिन्यात आदल्या वर्षीच्या जवळपास दुप्पट झाली.

त्याच युद्धात रशियातल्या लेनिनग्राडचा, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गचा, पेच वेगळा होता, तिथे कळस सोन्याचे. सेंट आयझॅक कॅथीड्रलच्या घुमटाचा मुलामा पक्का, म्हणून त्यावर करडा रंग दिला. नौदलाच्या जुन्या मुख्यालयाच्या, म्हणजे अॅडमिरल्टीच्या शिखरावर मात्र नाजूक सोन्याचा वर्ख. रंग काढताना तोही निघाला असता. मग त्याला कापडी खोळ शिवली आणि ती चढवायला गिर्यारोहक बोलावले. त्यांतली ओल्गा फिरसोव्हा पेशाने संगीतकार.

आपल्याकडे ६ एप्रिल १९४२ ला जपान्यांनी विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बॉम्ब टाकले, डिसेंबरात कोलकात्यावर. त्या काळात व्हिक्टोरिया मेमोरियलला काळं फासलं गेलं. ताजच्या घुमटाभोवती बांबूंची परांची उभी राहिली, तिचे फोटो आजही फिरतात.

मुंबईकरांनी १९६५ मध्ये आणि पुन्हा १९७१ मध्ये हे घरात अनुभवलं. खिडक्यांच्या काचांना काळे नाहीतर खाकी कागद डकवायचे, वर आडव्यातिडव्या पट्ट्या, म्हणजे हादऱ्याने काच फुटली तरी तुकडे उडणार नाहीत. मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा. भोंगा झाला की दिवे बंद, आणि फटीतून उजेड दिसला की खालून हाक यायचीच: ‘लाइट बंद करा!’ ही गस्त घालणाऱ्या होमगार्डची संघटना मुंबईतच १९४६ मध्ये जन्मली होती.

७ मे २०२५ च्या युद्धकाळातल्या बचावाच्या सरावासाठी केंद्राने २४४ नागरी संरक्षण जिल्हे निवडले. महाराष्ट्रातून मुंबई, उरण आणि तारापूर पहिल्या गटात. सरावात काय करायचं त्या यादीत ब्लॅकआउट होता, महत्त्वाचे प्रकल्प झाकण्याचंही कलम होतं. तारापूरच्या अणुवीज केंद्राचा पत्ता उपग्रहांना पाठ आहे आणि उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यापुढे साध्या कापडाचा टिकाव लागत नाही. त्याच यादीतलं लोकांना वेळेत सुरक्षित जागी हलवण्याचं कलम मला तरी जास्त कामाचं वाटतं.