गोड लागली म्हणजे पोर्ट नव्हे

कृषी प्रदर्शनात ट्रॅक्टर, ठिबकच्या नळ्या आणि संत्र्याची कलमं पाहून पाय भरून आले की माणूस आपोआप खाण्यापिण्याच्या दालनाकडे वळतो. आमच्या नागपुरातल्या अशाच एका प्रदर्शनात, कोपऱ्यातल्या स्टॉलवर संत्र्याची आणि जांभळाची वाइन मांडलेली दिसली. सोबत वर्ध्याहून आलेला साळा होता. त्याने जांभळाची घोटभर चाखली, जिभेवर फिरवली आणि निकाल दिला, “भाऊजी, हे तं पोर्टच होय!” स्टॉलवाल्यानेही मान हलवली. गिऱ्हाईक खूश असताना नाही कोण म्हणेल?

साळ्याचं तसं चुकलं नाही. जांभळाचा रंग गडद, चव गोड आणि मागून तुरट. शिवाय आपल्याकडे पोर्ट म्हणजे गोव्याहून येताना आणलेली गोड लाल वाइनची बाटली, एवढीच बहुतेकांची ओळख. पण ती गोडी येते कुठून, तिथेच दोघींच्या वाटा फुटतात.

यीस्ट रसातली साखर खातं आणि तिचं अल्कोहोल होतं. ढोबळ हिशेब असा की लिटरभर रसातली 17 ग्रॅम साखर संपली की 1 टक्का अल्कोहोल मिळतं. वाइनच्या द्राक्षांच्या रसात लिटरला 200 ग्रॅमच्या वर साखर असते, त्यामुळे 12 टक्के सहज निघतात. आपल्या संत्र्याच्या रसात ती 100 ग्रॅमच्या आसपास. नुसता रस आंबवला तर गाडी 5-6 टक्क्यांवर अडते. वाइन पांचट होते आणि टिकतही नाही. म्हणून करणारे आधीच वरून साखर घालतात.

संत्र्याची खरी डोकेदुखी मात्र कडवटपणा. घरी काढलेला रस रात्रभर फ्रिजमध्ये राहिला तर सकाळी कडू लागतो ना, तेच. बिया आणि फोडींच्या पापुद्र्यातून लिमोनिन नावाचं कडू द्रव्य हळूहळू तयार होतं. रस काढताना बी चिरडली की पुढे कितीही साखर ओता, घोटाच्या शेवटी तो कडूपणा जिभेवर रेंगाळतोच. स्टॉलवरच्या संत्र्याच्या वाइनमध्ये तो होता, किंचित. मला आवडला, साळ्याने तोंड वाकडं केलं.

पोर्टचं तंत्र उलटं. पोर्तुगालमधल्या डोरो नदीच्या खोऱ्यातली ही वाइन. नाव पडलं पोर्तो शहरावरून, जिथून ती जहाजांवर चढायची. त्या खोऱ्याची हद्द 1756 मध्येच आखली गेली. तिथे द्राक्षाचा रस दोन-तीन दिवस आंबला, निम्मी-अर्धी साखर अजून शिल्लक आहे, तोच त्यात द्राक्षापासूनच काढलेली 77 टक्क्यांची जहाल दारू ओततात. जुनं माप 435 लिटर रसाला 115 लिटर दारू. एवढ्या अल्कोहोलमध्ये यीस्ट मरतं, न खाल्लेली साखर तशीच राहते आणि वाइन 19 ते 22 टक्क्यांवर जाऊन बसते. थोडक्यात, संत्र्याच्या वाइनमध्ये बाहेरून साखर येते, पोर्टमध्ये बाहेरून दारू.

जांभळाच्या वाइनमध्येही अशी दारू घालता येते, नाही असं नाही. मग तिला पोर्टच्या धर्तीची म्हणा. (मोहाची दारू या दोन्हींत बसत नाही. ती आंबवून मग भट्टीवर गाळतात, म्हणजे वाइनच नव्हे.)

ओळखायला चवीपेक्षा लेबल बरं. यीस्ट सहसा 15-16 टक्क्यांपुढे तग धरत नाही, त्यामुळे आकडा 19-20 असेल तर वरून दारू पडली आहे. मी जांभळाची बाटली उलटी फिरवली. मागे बारीक अक्षरात 11 टक्के. साळ्याला दाखवलं तर म्हणतो, “असू द्या नं, चव तं पोर्टचीच हाय.”

त्याने ती विकतही घेतली. मग आठवलं, वर्धा जिल्ह्यात दारूबंदी! बाटली माझ्याकडे राहिली. खरी पोर्ट उघडल्यावरही काही आठवडे टिकते, कारण तिच्यातलं अल्कोहोल आणि साखर तिला सांभाळतात. साळ्याच्या बोलण्याने माझंही डोकं फिरलं असावं. दोन ग्लास घेऊन उरलेली अर्धी बाटली मी तशीच फडताळात ठेवली. पंधरा दिवसांनी बूच काढलं तर नाकाला झोंबणारा व्हिनेगरचा वास. बायकोने त्यात कांदे मुरवले. भावाला फोन करून सांगितलं, तुझी पोर्ट झुणक्यासोबत छान लागते.