रिची फार्मरची जर्सी अजून का टांगलेली आहे?

जानेवारी 2014 मध्ये अमेरिकेच्या केंटकी राज्यात एका फेडरल, म्हणजे केंद्रीय, न्यायाधीशांनी माजी बास्केटबॉलपटू रिची फार्मरला 27 महिन्यांची कैद सुनावली. तो तेव्हा 44 वर्षांचा होता. आठ वर्षं तो राज्याचा कृषी आयुक्त होता आणि त्या पदावर असताना सरकारी माणसं आणि सरकारी वस्तू स्वतःसाठी वापरल्याचं त्याने न्यायालयात कबूल केलं होतं. तोवर त्याचा संसार मोडला होता, हाताला काम उरलं नव्हतं आणि राजकारण तर संपलंच होतं. तरीही लेक्सिंग्टनच्या रप अरीनात, केंटकी विद्यापीठाच्या बास्केटबॉल मैदानावर, छताला टांगलेली त्याची 32 क्रमांकाची जर्सी कुणी उतरवली नाही. ती आजही तिथे आहे.

बाहेरच्या माणसाला हे खटकतं. जनतेचा पैसा खाणाऱ्याचा एवढा मान का ठेवायचा? प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर 2014 मध्ये सापडत नाही. त्यासाठी 1989 पर्यंत मागे जावं लागतं आणि खरं तर 1951 पर्यंत.

आधी या राज्याविषयी. केंटकीत एनबीए या अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा संघ नाही. लुईव्हिलचा केंटकी कर्नल्स हा व्यावसायिक संघ एबीए या दुसऱ्या लीगमध्ये खेळायचा. 1976 मध्ये ती लीग एनबीएत विलीन झाली आणि कर्नल्स बंद पडला. तेव्हापासून राज्याचा संघ म्हणजे विद्यापीठाचा संघ, निळ्या जर्सीतले ‘वाइल्डकॅट्स’. पूर्वेकडच्या डोंगराळ, कोळसा खाणींच्या भागात तर हे प्रेम फार खोल आहे. खाणी बंद पडत गेल्या, तरुण पोरं कामासाठी ओहायो-मिशिगनकडे निघून गेली, आणि संध्याकाळी रेडिओवर कॉवूड लेडफर्ड यांचं समालोचन लागलं की सगळा डोंगर एका जागी यायचा. लेडफर्ड यांनी 39 वर्षं हे समालोचन केलं.

फार्मर याच डोंगरातला, क्ले काउंटीतल्या (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा भाग) मँचेस्टर गावचा. क्ले ही अमेरिकेतल्या सर्वांत गरीब काउंट्यांपैकी एक. केंटकीच्या शालेय बास्केटबॉलची एक रीत इथे सांगायला हवी. अमेरिकेतली बहुतेक राज्यं शाळांच्या आकारानुसार गट पाडून अनेक अजिंक्यपदं देतात. केंटकीत अजिंक्यपद एकच. लुईव्हिलची भलीमोठी शाळा आणि खेड्यातली छोटी शाळा एकाच स्पर्धेत उतरतात. त्यामुळे डोंगरातली शाळा शहराला हरवते तेव्हा तो विजय एका शाळेपुरता राहत नाही. 1987 मध्ये फार्मरच्या क्ले काउंटी शाळेने लुईव्हिलच्या बॅलार्ड शाळेला हरवून हे विजेतेपद मिळवलं. पुढच्या वर्षी अंतिम सामन्यात पुन्हा बॅलार्डच समोर होती. त्या संघात पुढे एनबीए गाजवणारा ॲलन ह्यूस्टन होता. क्ले काउंटी हरली, पण त्या एका सामन्यात फार्मरने 51 गुण केले. जिंकलेल्या 1987 पेक्षा हरलेल्या 1988 ची आठवण लोक अधिक काढतात, आणि मला त्यात नवल वाटत नाही. त्या वर्षी तो राज्याचा ‘मिस्टर बास्केटबॉल’, म्हणजे सर्वोत्तम शालेय खेळाडू, ठरला आणि केंटकी विद्यापीठात दाखल झाला.

त्याची वेळ मात्र याहून वाईट असू शकली नसती. त्याच वर्षी विद्यापीठाच्या एका सहायक प्रशिक्षकाच्या नावाने निघालेलं कुरियरचं पाकीट लॉस एंजेलिसमध्ये फुटलं आणि आत रोख 1000 डॉलर निघाले. पाकीट होतं ख्रिस मिल्स या नव्या खेळाडूच्या वडिलांच्या नावे. दुसऱ्या एका खेळाडूच्या प्रवेश परीक्षेविषयी प्रश्न उभे राहिले. 1988-89 च्या मोसमात संघाने 13 सामने जिंकले आणि 19 हरले. इतका वाईट मोसम साठेक वर्षांत झाला नव्हता. प्रशिक्षक एडी सटन यांनी राजीनामा दिला. मे 1989 मध्ये एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने शिक्षा जाहीर केली: तीन वर्षं देखरेख, दोन वर्षं मोसमानंतरच्या स्पर्धांना बंदी आणि एक वर्ष टीव्हीवर थेट प्रक्षेपण नाही. एका मोठ्या क्रीडा साप्ताहिकाने मुखपृष्ठावर केंटकीची लाज अशा अर्थाचा मथळा छापला.

जे चांगले होते ते निघून गेले. मिल्स ॲरिझोनाला गेला, लरॉन एलिस सिराक्यूजला. त्यांना दोष देता येणार नाही. टीव्हीवर दिसायचं नाही, मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायचं नाही, मग एनबीएचे लोक तुम्हाला पाहणार कुठे? पण चार जण थांबले. मँचेस्टरचा फार्मर, पेंट्सव्हिलचा जॉन पेल्फ्री, मेझव्हिलचा डेरॉन फेल्डहाउस आणि इंडियानापोलिसचा शॉन वूड्स. पहिले तिघे केंटकीच्या मातीतले. चौघांपैकी कुणीही महान खेळाडू नव्हता. नवे प्रशिक्षक रिक पिटिनो न्यूयॉर्कहून आले आणि त्यांनी या पोरांना पळवून पळवून घाम काढला. फार्मरचं वजन हा तर त्यांचा नेहमीचा विषय.

यानंतरचे तीन मोसम हे या सगळ्या प्रकरणाचं मूळ आहेत. 1989-90 मध्ये 14 विजय, 14 पराभव. मोडक्या संघाकडून कुणी तेवढीही अपेक्षा केली नव्हती. 1990-91 मध्ये 22 विजय, 6 पराभव. साउथईस्टर्न कॉन्फरन्स या दक्षिणेकडच्या विद्यापीठांच्या गटात सर्वोत्तम कामगिरी, पण बंदीमुळे पुढे काही नाही. आणि 1991-92 मध्ये बंदी उठली. आता जमाल मॅशबर्नसारखा खरोखर मोठा खेळाडू सोबत होता. संघ जिंकत जिंकत राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या आठांत पोचला.

28 मार्च 1992, फिलाडेल्फिया. समोर गतविजेता ड्यूक विद्यापीठाचा संघ. सामना ओव्हरटाइममध्ये गेला. शेवटच्या क्षणी वूड्सने फळ्यावर आपटून बास्केट केला आणि केंटकी 103-102 अशी पुढे गेली. घड्याळात 2.1 सेकंद उरले होते. ग्रँट हिलने जवळजवळ पूर्ण मैदान ओलांडणारा पास फेकला. ख्रिश्चन लेटनरने तो झेलला, एकदा चेंडू आपटला, वळला आणि फेकला. 104-103. त्या सामन्यात लेटनरने मैदानातून दहापैकी दहा आणि फ्री थ्रोही दहापैकी दहा बास्केट केले होते. दर मार्चमध्ये अमेरिकन टीव्ही हा फटका पुन्हा पुन्हा दाखवतो. तिकडे राहणाऱ्या कित्येक मराठी घरांतल्या मुलांनीही तो पाहिलेला असेल. चित्रफीत लेटनरच्या उंचावलेल्या हातांवर थांबते. केंटकीतली माणसं मात्र त्या चित्रात कडेची पोरं शोधतात.

लेडफर्ड यांचं केंटकीसाठीचं ते शेवटचं समालोचन होतं. ड्यूकचे प्रशिक्षक माइक शेशेव्हस्की जिंकल्यावर आपल्या पोरांकडे जाऊन थांबले नाहीत. ते केंटकीच्या रेडिओ टेबलापाशी गेले, हेडफोन लावला आणि दूर घरी बसलेल्या केंटकीच्या श्रोत्यांना सांगितलं की तुमची मुलं विलक्षण खेळली. खेळाच्या इतिहासात इतका सभ्य क्षण मला दुसरा चटकन आठवत नाही.

सामन्यानंतर काही दिवसांतच विद्यापीठाचे क्रीडा संचालक सी. एम. न्यूटन यांनी चौघांना रप अरीनात बोलावलं आणि वर पाहायला सांगितलं. चार जर्सी छताला लावलेल्या होत्या. ‘अनफर्गेटेबल्स’ हे नाव त्यांना चिकटलं ते कायमचं. राष्ट्रीय विजेतेपद नाही, विक्रम नाहीत, पुढे एनबीएत कुणाची कारकीर्द नाही. हा मान गुणांसाठी नव्हताच. सगळे सोडून जात असताना हे चौघे थांबले, त्यासाठी तो होता. पुढे काय घडलं हे समजून घेताना ही गोष्ट विसरता कामा नये.

याआधीही केंटकीने असं काही केलं होतं का? केलं होतं, आणि प्रकरण याहून गंभीर होतं. प्रशिक्षक ॲडॉल्फ रप यांच्या ‘फॅब्युलस फाइव्ह’ संघाने 1948 मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. तेच पाच जण लंडन ऑलिम्पिकला गेले आणि अंतिम सामन्यात फ्रान्सला 65-21 असं हरवून सुवर्णपदक घेऊन आले. त्यातले ॲलेक्स ग्रोझा आणि राल्फ बिअर्ड हे देशातले सर्वोत्तम खेळाडू मानले जात. सट्टेबाज माझ्या पोरांना शिवूही शकत नाहीत, असं रप छाती ठोकून सांगायचे. ऑक्टोबर 1951 मध्ये ग्रोझा, बिअर्ड आणि डेल बार्नस्टेबल यांना अटक झाली. कॉलेजात असताना गुणांचा फरक हवा तेवढा ठेवण्यासाठी सट्टेबाजांकडून पैसे घेतल्याचं त्यांनी मान्य केलं. ग्रोझा आणि बिअर्ड तेव्हा इंडियानापोलिसच्या एनबीए संघाचे खेळाडू होते आणि त्या संघात त्यांची मालकीही होती. एनबीएने त्यांच्यावर तहहयात बंदी घातली. एनसीएएच्या कारवाईमुळे केंटकीचा 1952-53 चा सगळा मोसमच रद्द झाला. बिअर्ड 2007 मध्ये वारला. पैसे घेतले, पण एकही सामना मुद्दाम हरलो नाही, हेच तो अखेरपर्यंत सांगत राहिला.

आज रप अरीनात ग्रोझाची 15 क्रमांकाची आणि बिअर्डची 12 क्रमांकाची जर्सी आहे. मला विचाराल तर तत्त्व म्हणून फार्मरच्या जर्सीपेक्षा या दोन जर्सी जास्त अवघड आहेत, कारण त्यांनी गैरव्यवहार मैदानावरच केला होता. फार्मरने मैदानावर जे दिलं त्यात खोट नव्हती.

मग खोट कुठे आली? इथे चाहत्यांच्या निष्ठेची दुसरी बाजू दिसते, आणि ती सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. 2003 मध्ये फार्मर रिपब्लिकन पक्षातर्फे कृषी आयुक्तपदाची निवडणूक लढला आणि जिंकला. प्रशासनाचा अनुभव जवळजवळ नव्हता. नाव मात्र घरोघरी माहीत होतं. केंटकीत पेट्रोल पंपांची तपासणी कृषी खातं करतं आणि प्रत्येक पंपावरच्या स्टिकरवर आयुक्ताचं नाव असतं. म्हणजे गाडीत तेल भरणाऱ्या प्रत्येकाला ‘रिची फार्मर’ हे नाव दिसत राहिलं. शिवाय तंबाखूची शेती मोडीत निघत होती, शेतकऱ्यांना नवी पिकं आणि नवा बाजार हवा होता. ‘केंटकी प्राउड’ या स्थानिक शेतमालाच्या मोहिमेला त्याच्या काळात जोर आला, आणि तिला लोकांच्या ओळखीचा चेहरा मिळाला तो त्याचाच. हे श्रेय त्याला दिलंच पाहिजे. 2007 मध्ये त्याच्याच पक्षाचे गव्हर्नर अर्नी फ्लेचर सपाटून हरले, तरी फार्मर मोठ्या फरकाने निवडून आला.

एवढं प्रेम मिळालेल्या माणसाला विचारणारं कुणी उरत नाही. खात्यातल्या माणसांनाही त्याचं कौतुकच होतं. त्यांनीही लहानपणी त्याला टीव्हीवर पाहिलेलं. पुढे बाहेर आलेल्या गोष्टी वाचताना वाईट वाटतं, कारण त्यातल्या कित्येक क्षुल्लक होत्या. 2008 मध्ये लेक्सिंग्टनला दक्षिणेकडच्या राज्यांच्या कृषी अधिकाऱ्यांची परिषद झाली. तिथल्या पाहुण्यांसाठी गरजेपेक्षा जास्त भेटवस्तू मागवल्या गेल्या आणि उरलेल्या बंदुका, चाकू, घड्याळं स्वतःकडे राहिली. सरकारी कर्मचाऱ्यांना घरच्या कामांना जुंपलं गेलं. घराच्या आवारात बास्केटबॉलचं कोर्ट बांधायलाही सरकारी माणसं होती.

2011 मध्ये तो गव्हर्नरपदाचे उमेदवार डेव्हिड विल्यम्स यांच्यासोबत लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे उपगव्हर्नर, या पदासाठी उभा राहिला. खर्चाच्या बातम्या तोवर वर्तमानपत्रांत येऊ लागल्या होत्या आणि घटस्फोटाचं प्रकरणही सुरू झालं होतं. तेव्हाचे गव्हर्नर स्टीव्ह बेशिअर यांनी ही जोडी सुमारे 20 टक्क्यांच्या फरकाने हरवली. म्हणजे केंटकीचे चाहते आंधळे नव्हते. जर्सीवरचं प्रेम आणि मत या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या. फक्त त्याला आठ वर्षं लागली.

पुढचं भराभर घडलं. नवे आयुक्त जेम्स कोमर फार्मरच्याच पक्षाचे, पण लेखापरीक्षणाची मागणी त्यांनीच केली. डेमोक्रॅट लेखापरीक्षक ॲडम एडेलन यांच्या 2012 च्या अहवालाने खात्यात सगळं आपल्याच हक्काचं मानण्याची विषारी वृत्ती मुरल्याचं म्हटलं. 2013 मध्ये सरकारी अधिकाऱ्यांच्या वर्तनावर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या नैतिकता आयोगाने 42 आरोप ठेवले. एप्रिलमध्ये फेडरल आरोपपत्र आलं आणि सप्टेंबरमध्ये फार्मरने दोन आरोपांवर गुन्हा कबूल केला. कैदेबरोबर एक लाखाहून अधिक डॉलरची भरपाईही त्याच्यावर बसली.

जर्सी ठेवावी की उतरवावी, यावर माझं मत स्पष्ट आहे: ठेवावी. 1989 मध्ये एक विद्यार्थी थांबला, त्याचं ऋण 2008 मधल्या बंदुकांनी फिटत नाही आणि मिटतही नाही. पण मँचेस्टरच्या त्या पोराला पोरगा म्हणून जपणाऱ्यांनी आयुक्त फार्मरला 2003 पासूनच हिशेब विचारला असता, तर त्याचंही भलं झालं असतं. त्याला तुरुंगापासून वाचवू शकतील असे लोक तेच होते.

शिक्षा भोगून तो बाहेर आला आहे. केंटकीच्या राज्यघटनेप्रमाणे अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाला गव्हर्नरांनी हक्क परत दिल्याशिवाय मतदान करता येत नाही आणि सरकारी पदही घेता येत नाही. डिसेंबर 2019 मध्ये अशा हजारो लोकांना मताधिकार परत देणारा आदेश निघाला, पण तो राज्याच्या न्यायालयांत शिक्षा झालेल्यांसाठी होता. फेडरल न्यायालयात दोषी ठरलेल्यांना तो आपोआप लागू झाला नाही. त्यांनी गव्हर्नरांकडे वेगळा अर्ज करायचा असतो. तो आदेश काढणारे गव्हर्नर अँडी बेशिअर, म्हणजे 2011 मध्ये फार्मरच्या जोडीला हरवणाऱ्या स्टीव्ह बेशिअर यांचे चिरंजीव.