पुण्याहून नागपूर : 605 किलोमीटर आणि सव्वा तास

दिवाळीत नागपूरला जाताना भाचीने लोहगावच्या विमानतळावरच गाठलं. "मामा, विमान ताशी आठशेच्या पुढे जातं म्हणतोस, मग तिकिटावर एक तास वीस मिनिटं कशाला?" प्रश्न बिनतोड होता. बोर्डिंगला वेळ होता, म्हणून वहीच काढली.

आधी अंतर. लोहगाव आणि नागपूरचं सोनेगाव यांच्या अक्षांशात अडीच अंशांचा फरक, रेखांशात सव्वापाचला किंचित कमी. अक्षांशाचा एक अंश म्हणजे 111 किलोमीटर. रेखांशाचे अंश मात्र ध्रुवांकडे आकसत जातात आणि आपल्या पट्ट्यात एक अंश 105 किलोमीटरच्या आसपास भरतो. म्हणजे उत्तरेकडे साधारण 279 आणि पूर्वेकडे 537 किलोमीटर. पुढे आठवीतला पायथागोरस : उत्तर 605. पृथ्वीची गोलाई धरून केलेलं गणितही एवढ्या छोट्या पल्ल्यावर तेच सांगतं. रस्त्याने हेच अंतर सातशेच्या वर जातं.

विमानाचा वेग ताशी 830 किलोमीटर धरला तर 605 भागिले 830, म्हणजे 44 मिनिटं. मग उरलेली छत्तीस कुठे जातात?

पहिली गोष्ट, तिकिटावरची वेळ आकाशातली नसते. चाकांना लावलेले ठोकळे काढून विमान जागचं हलतं तिथून ती सुरू होते आणि पलीकडे पुन्हा ठोकळे लागले की संपते. लोहगावला धावपट्टी एकच आणि ती मुळात हवाई दलाची. लढाऊ विमानं सरावाला निघाली की प्रवासी विमानाने थांबायचं. त्या दिवशी आम्हीही खिडकीतून दोन सुखोई कडाडत वर जाताना पाहिली आणि भाचीने कान झाकले.

विमान वाऱ्याला सामोरं जाऊन उडतं. पश्चिमेचा वारा असला की उड्डाण विश्रांतवाडीच्या बाजूला होतं, आणि नागपूर तर जवळजवळ उलट, ईशान्येला! तेव्हा आधी वळसा. त्यात दहा हजार फुटांखाली वेगाला साधारण 250 नॉटची, म्हणजे ताशी 460 किलोमीटरची मर्यादा.

मला सगळ्यात गंमत वाटते ती पुढच्या भागाची. पस्तीस हजार फुटांवर चढायला जवळपास दोनशे किलोमीटर जातात. उतरण्यासाठी वैमानिकांचा सोपा ठोकताळा आहे, दर हजार फुटांमागे तीन सागरी मैल. म्हणजे 105 सागरी मैल, सुमारे 195 किलोमीटर. सहाशेतले चारशे चढउतारातच गेले! पूर्ण वेगाने सरळ उडायला उरतात जेमतेम दोनशे किलोमीटर, पंधरा मिनिटं. चहाचा कप हातात येतो न येतो तोच कानात दडे बसायला लागतात, ते यामुळे.

या पंधरा मिनिटांतही वारा हात घालतो. हिवाळ्यात आपल्याकडे वरच्या थरात पश्चिमेकडून पूर्वेला जोरदार वारे वाहतात. ताशी शंभर किलोमीटरचा वारा पाठीशी असेल तर तेवढा टप्पा 13 मिनिटांत उरकतो, परतताना तोच वारा समोरून येतो आणि 16 लागतात. चढउतारातलाही थोडा फरक त्यात मिळवायचा. पावसाळ्यात दक्षिण भारतावरचे वरचे वारे दिशा बदलून पूर्वेकडून येऊ लागतात, तेव्हा हिशेब उलटतो.

परतीच्या विमानात भाचीने चाकं हलताक्षणी मोबाइलवर वेळ लावली. लोहगावला ठोकळे लागेपर्यंत जाण्यापेक्षा सात मिनिटं जास्त झाली होती. त्यातली वाऱ्याची किती आणि धावपट्टीच्या रांगेतली किती, यावर आमचा वाद घरी पोचेपर्यंत चालला.