मेंदूच्या गाठीची ग्रेड आणि रिपोर्टातलं ‘एनओएस’

यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीकडचा पेशंट नागपूर-सेवाग्रामहून डोक्याचं ऑपरेशन करून गावी परततो, तेव्हा फाईलमध्ये बायोप्सीचा कागद असतो. त्यावर ‘ग्रेड ४’ दिसलं की गावभर ‘चौथी स्टेज’ होते. स्टेज म्हणजे आजार किती पसरला. मेंदूच्या बहुतेक गाठी मेंदू-मज्जारज्जूबाहेर सहसा जात नाहीत, म्हणून त्यांना ग्रेड लावतात: गाठ किती जोमाने वाढेल याचा अंदाज.

गाठ कोणत्या पेशींसारखी दिसते यावरून पहिली मोठी मांडणी १९२६ साली अमेरिकेत झाली. १९४९ मध्ये चार ग्रेड आल्या (१ सर्वांत सौम्य, ४ सर्वांत जोमदार) आणि १९७९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचं पहिलं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण छापलं गेलं. तोवर आणि पुढेही बरीच वर्षं सगळा कारभार सूक्ष्मदर्शकावर चालला.

खरी उलथापालथ या वर्गीकरणाच्या २०१६ च्या आवृत्तीची. सारख्या दिसणाऱ्या दोन गाठींपैकी एकीचा पेशंट कित्येक वर्षं जगतो, दुसरीचा वर्ष-दीड वर्षात जातो, आणि फरक आयडीएच नावाच्या जीनमध्ये असतो, हे २००८ नंतर उलगडत गेलं होतं. २०१६ मध्ये जीनची तपासणी नावाचाच भाग झाली. २०२१ मध्ये पुढचं पाऊल पडलं: आयडीएच बदललेला असेल तर मोठ्यांमधल्या गाठीला ग्लिओब्लास्टोमा (फार जोमाने वाढणारी ग्रेड ४ ची गाठ) म्हणायचंच नाही. उलट, तो बदललेला नसेल आणि टर्ट, ईजीएफआर यांसारख्या जीनमधले ठरावीक बदल सापडले, तर सूक्ष्मदर्शकाच्या काचेवर सौम्य दिसणारी गाठही थेट ग्रेड ४. मज्जारज्जूच्या टोकाशी होणारा मिक्सोपॅपिलरी एपेंडिमोमा ग्रेड १ वरून २ वर गेला, कारण तो पुन्हा उद्भवतो.

वाद इथेच आहे. जिथे जीनची तपासणी होत नाही, तिथे काय? त्यासाठी वर्गीकरणाने ‘एनओएस’ हा शेरा ठेवला: आवश्यक तपासणी झाली नाही किंवा पूर्ण झाली नाही. नातेवाईक मात्र ‘डॉक्टरलेच समजलं नाही’ असा अर्थ काढतात. शास्त्र म्हणून जीनची तपासणी नावात आणण्याचा निर्णय बरोबरच होता, पण त्या महागड्या तपासणीचा भुर्दंड ज्याने ऑपरेशनसाठी आधीच वावर गहाण टाकलं त्याच्यावर पडला, आणि ही बाजू चर्चेत फार कमी आली. थोडा दिलासा वर्गीकरणातच आहे. आयडीएचचा सर्वांत नेहमीचा बदल गाठीच्या तुकड्यावरच्या साध्या, स्वस्त रंगकामात (बदल असेल तर रंग येतो) दिसतो आणि दहापैकी सुमारे नऊ बदल त्यात सापडतात. पेशंट ५५ किंवा त्याहून मोठा असेल, गाठ ग्लिओब्लास्टोमासारखीच दिसत असेल, मेंदूच्या मध्यरेषेवर नसेल, आधी सौम्य गाठीचा इतिहास नसेल आणि रंग आला नाही, तर आयडीएचसाठी पुढची महागडी तपासणी लागत नाही.

तरुण पेशंटचं तसं नाही. तिथे ती तपासणी टाळू नये. ती नंतरही होऊ शकते, कारण काढलेला तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये वर्षानुवर्षं टिकतो. सुट्टी घेताना रिपोर्टासोबत ब्लॉक आणि काचाही मागून घ्याव्यात. मुंबईला दाखवायची वेळ आली, तर तिथे आधी त्याच मागतात.