पायथनची कामाची यादी गिटहबवर: पार्श्वभूमी

एप्रिल २०२२ मध्ये पायथन या प्रोग्रामिंग भाषेचा जुना बग-ट्रॅकर (चुका आणि कामे नोंदवण्याची जागा) फक्त वाचण्यापुरता उरला आणि त्यातल्या ५० हजारांहून जास्त नोंदी गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर गेल्या. तेव्हापासून कमिटच्या (कोडमध्ये नोंदवलेल्या बदलाच्या) शीर्षकात ‘बीपीओ’ऐवजी ‘जीएच’ असा क्रमांक दिसतो. (हे बीपीओ आपल्याकडचे रात्रपाळीचे कॉल सेंटर नव्हे, ट्रॅकरच्या वेबपत्त्यातल्या तीन शब्दांची ती आद्याक्षरे.)

सुरुवातीचा काळ थोडक्यात आटोपतो. २००० नंतर काही वर्षे नोंदी सोर्सफोर्ज या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर होत्या. २००६ मध्ये नवा ट्रॅकर शोधताना समितीचा कल जिरा या ट्रॅकरकडे होता. राउंडअप हा दुसरा ट्रॅकर स्वतः पायथनमध्येच लिहिलेला, पण तो चालवायला सहा ते दहा स्वयंसेवक मिळाले तरच घ्यायचा, असे ठरले. माणसे मिळाली आणि २००७ मध्ये राउंडअप सुरू झाला. सोर्सफोर्जवरून आलेल्या नोंदींचे सहा-सात आकडी क्रमांक तसेच ठेवले, म्हणून जुनी नोंद क्रमांकावरूनच ओळखू येई.

राउंडअपची ताकद त्याच्या रकान्यांत होती. नोंद उघडी की बंद, एवढ्यावर ते थांबत नसे. ‘स्टेज’ नावाचा रकाना काम कुठे अडले आहे ते सांगे: टेस्ट हवी, पॅच (कोडमधला सुचवलेला बदल) हवा, पॅच तपासायचा आहे, जुन्या आवृत्तीत न्यायचा आहे. एक नोंद दुसरीवर अवलंबून असेल तर तेही लिहिता येई. ‘लँग्विशिंग’ अशी एक अवस्थाही होती: एकमत नाही, किंवा एकमत आहे पण काम अंगावर घ्यायला कोणी तयार नाही. इतका प्रामाणिक शब्द मी दुसऱ्या कुठल्या ट्रॅकरमध्ये पाहिलेला नाही.

फेब्रुवारी २०१७ मध्ये कोड मर्क्युरियल या आधीच्या व्यवस्थेवरून गिटहबवर आला, पण ट्रॅकर जागेवरच राहिला. खरा गुंता इथून सुरू झाला. पूर्वी पॅच नोंदीलाच जोडलेला असे आणि चर्चा त्याखालीच होई. आता पॅचची जागा पुल रिक्वेस्टने (पीआर, म्हणजे बदल कोडमध्ये घेण्याची गिटहबवरची विनंती) घेतली आणि एका विषयाच्या दोन चर्चा झाल्या: काय करायचे ते ट्रॅकरवर, कसे केले ते गिटहबवर. दोन्हींची सांधेजोड बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, करू लागले. पीआरच्या शीर्षकात बीपीओ क्रमांक नसेल तर बॉट अडवत असे.

जून २०१८ मध्ये नोंदीही गिटहबवर न्याव्यात असा औपचारिक प्रस्ताव आला. त्याच महिन्यात गिटहबची विक्री एका बड्या कंपनीला होत असल्याचे जाहीर झाले होते, आणि पुढच्याच महिन्यात भाषेचा जनक नेतृत्वातून बाजूला झाला. प्रस्तावाचे मुद्दे सरळ होते: राउंडअप सांभाळणारे हात थोडे, मोबाइलवर तो धड दिसत नाही, आणि नव्याने येणाऱ्यांना आणखी एक खाते काढावे लागते. मे २०१९ मध्ये विरोधकांनी उलट प्रस्ताव मांडला: राउंडअपच सुधारा, आपल्या गरजेचे रकाने टिकवा, सगळे एकाच कंपनीच्या हाती देऊ नका. त्याच महिन्यात पाच जणांच्या नव्या सुकाणू समितीने स्थलांतराच्या बाजूने कौल दिला. पुढे स्थलांतराची धुरा वाहिली ती या उलट प्रस्तावाच्या लेखकांपैकीच एकाने.

वादात साधनावर पुष्कळ बोलले गेले. ‘इश्यू’ (नोंदीला गिटहबवरचा शब्द) या शब्दाचा अर्थच बदलतो आहे, यावर मानाने कमी. गिटहबवर इश्यू आणि पीआर यांची क्रमांकमालिका एकच असते. २०१७ पासूनच्या पीआरनी ३० हजारांहून जास्त क्रमांक आधीच अडवले होते, त्यामुळे जुन्या नोंदींना त्यांचे मूळ क्रमांक मिळणे शक्यच नव्हते. मूळ क्रमांक आता मजकुराच्या सुरुवातीला टीप म्हणून दिसतो, आणि जुन्या कमिटमधला बीपीओ आकडा गिटहबवर तसाच शोधला तर भलतेच काही समोर येते.

स्टेजचे काय झाले? तो पीआरकडे गेला. ‘अवेटिंग रिव्ह्यू’, ‘अवेटिंग चेंजेस’, ‘अवेटिंग मर्ज’ ही लेबले बॉट पीआरला लावतो. म्हणजे ज्या इश्यूवर कोणी कोड लिहिलेला नाही, त्याला टप्पाच नाही. ‘आधी टेस्ट हवी’ हे सांगायचे तर ते कॉमेंटमध्ये लिहावे लागते, आणि कॉमेंट चाळणी लावून गाळता येत नाहीत. गिटहबच्या बाजूने बोलायचे तर लेबल आणि ट्रायाजची (आलेल्या नोंदींच्या छाननीची) व्यवस्था चांगली रुळली आहे, आणि ज्याचे गिटहबवर खाते आहे त्याला बग नोंदवायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

ज्यांचे गिटहब खाते नोंदींशी जोडलेले नव्हते, त्यांच्या जुन्या कॉमेंट नव्या जागी त्यांच्या नावापुढे ‘मॅनेकिन’ असे लागून आल्या. कापडाच्या दुकानाच्या काचेत उभा असतो, तोच पुतळा. २००७ पासून ज्यांनी हजारो नोंदी निस्तरल्या, त्यांच्यापैकीही काही जण आता त्या काचेत आहेत.