तो कागद कुठे आहे? पुण्यातल्या संदर्भलेखनाची पार्श्वभूमी

शोधनिबंधाच्या संदर्भांची चर्चा हल्ली एपीए की एमएलए (संदर्भ लिहिण्याच्या दोन अमेरिकी पद्धती), वर्ष कंसात की शेवटी, एवढ्यावरच येऊन थांबते. पुण्यातल्या संशोधकांनी त्याआधी कितीतरी वर्षे याहून मूलभूत प्रश्न विचारला होता: तुम्ही म्हणता तो कागद कुठे आहे?

सुरुवात ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्यापासून करावी लागते. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तळटिपा भरपूर आहेत. हस्तलिखितांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे ठेवल्याचेही तो नोंदवतो. पुढच्या अभ्यासकांनी त्या शोधल्या, तेव्हा त्या सापडल्या नाहीत. टीप होती, पण पडताळायची सोय उरली नव्हती. नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६० च्या दशकात, विद्यार्थी असतानाच, डफच्या ग्रंथाची निबंध लिहून झडती घेतली. अस्सल साधनांचा आग्रह मराठीत रुजला तो याच वादातून.

इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी तो आग्रह तडीस नेला. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रे आहेत. प्रत्येक पत्राला लेखांक, म्हणजे अनुक्रमांक, असल्यामुळे नुसता खंड आणि लेखांक लिहिला की वाचक थेट त्या पत्रापाशी पोचतो. ७ जुलै १९१० रोजी राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले आणि एकट्याच्या ध्यासाला संस्थेचा आधार मिळाला.

न छापलेल्या कागदांचे काम अधिक कष्टाचे. पेशवे दफ्तरातले, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराच्या संग्रहातले, मोडी कागद कापडात बांधून ठेवलेले असतात. त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात आणि रुमालाला क्रमांक असतो. दाखला देताना रुमालाचा क्रमांक, पत्र कोणी कोणाला लिहिले आणि तारीख, एवढे तरी हवेच. त्यातही तारखेने भले भले फसतात. पत्रात ‘इहिदे तिसैन मया व अलफ’ असे वर्ष असते. हा सुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली, अरबी अंकनावांनी लिहिली जाणारी कालगणना) ११९१, म्हणजे इ. स. १७९०-९१. हे वर्ष मृगाला बदलते, त्यामुळे महिना पाहिल्याशिवाय इसवी सन ठरत नाही. म्हणून मूळ तारीख जशीच्या तशी द्यावी आणि इसवी सन शेजारी लिहावा. नुसता इसवी सन दिला आणि तो चुकला, तर वाचकाला चूक दुरुस्त करायला काही हातात राहत नाही.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने हीच शिस्त महाभारतात कमालीच्या टोकाला नेली. चिकित्सक आवृत्तीचे, म्हणजे अनेक पोथ्या ताडून पाठ ठरवणाऱ्या आवृत्तीचे, काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पुरे झाले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते तपासली गेली. पानाच्या वरच्या भागात संपादकांनी स्वीकारलेला पाठ आणि खाली पाठभेद; शारदा, बंगाली, तेलुगू, मलयाळम अशा परंपरांच्या पोथ्यांना ठरावीक संकेताक्षरे. संपादक वि. स. सुकथनकरांचा निर्णय पटला नाही, तर त्यांच्याशी वाद घालायची सामग्री त्यांनीच त्या पानावर ठेवली आहे. विद्वत्तेचा याहून मोठा प्रामाणिकपणा मला तरी ठाऊक नाही.

आज विद्यापीठात शिकवल्या जाणाऱ्या पद्धती बाहेरून आल्या. हार्वर्डच्या एडवर्ड मार्क या प्राणिशास्त्रज्ञाने १८८१ मध्ये लेखक-वर्ष पद्धत वापरली, शिकागो विद्यापीठाची लेखन-संपादनाची नियमावली १९०६ ची, एपीएची पहिली सात पानी १९२९ ची. त्या उपयोगाच्या आहेतच. पण रुमालातले निनावी पत्र लेखक-वर्षाच्या चौकटीत बसवताना ओढाताण होते.

२०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. तेव्हापासून विद्यार्थी साम्य मोजणाऱ्या सॉफ्टवेअरच्या टक्क्याला घाबरतो. दिलेले पत्र खरेच आहे का, त्यात तेच म्हटले आहे का, हे मात्र ते सॉफ्टवेअर सांगत नाही. आता तर चॅटबॉट अस्तित्वात नसलेले संदर्भही स्वल्पविरामासकट बिनचूक मांडून देतात. परीक्षकांनी प्रत्येक निबंधातले दोन-तीन दाखले तरी स्वतः काढून पाहावेत. मंडळ, भांडारकर संस्था आणि पेशवे दफ्तर, तिन्ही ठिकाणे पुण्यातच आहेत.